चिरेबावचं टपाल

चिरेबावात देवाचा कौल झाला आणि वैजयंतीबाई घाबरल्या.

गावात दुसऱ्या कुणाला घाबरायचं कारण नव्हतं. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात गावपळण व्हायची, तशी २०४३ सालीही होणार होती, एवढंच. तीन दिवस अख्ख्या गावानं शिवेबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, झाडून सगळी. तेवढे दिवस गाव देवाचं. आपण तिथं नसायचं. का, म्हणून विचाराल तर चिरेबावात शंभर माणसं शंभर कारणं सांगतील, आणि एकशे एकावा म्हणेल, "इचारू नको, आधी चूल विझव."

वैजयंतीबाईंना चुलीची काळजी नव्हती. काळजी होती ती माजघरातल्या फडताळावरच्या डब्याची.

हा डबा म्हणजे चिरेबावचं टपालघर. चपात्यांच्या डब्याएवढं यंत्र, त्यावर एक हिरवा दिवा. खरं नाव सर्व्हर. पण शेजारची सुगंधा त्याला 'डबो' म्हणायची आणि मग सगळं गाव तेच म्हणायला लागलं. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर बाईंनी तो स्वतःच्या हातानं उभा केला होता. आपल्या गावाची ईमेल आपल्याच गावातून निघावी, कुणा परक्याच्या गोदामातून नव्हे, ही त्यांची जिद्द. सुरुवातीला दोनशे जणांनी पत्ते घेतले. मग एकेक जण मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांत निघून गेला, कारण तिथं सगळं आयतं. आता उरले होते एकोणीस. त्यातल्या अठरांचं टपाल तालुक्यातल्या तालुक्यात फिरायचं. समुद्रापार जाणारं पत्र एकच, दर रविवारचं. वैजयंतीबाईंचं, त्यांच्या धाकट्या भावाला, सगुणला.

संध्याकाळी बाबली घाडी ओट्यावर येऊन टेकला. देवाला कौल लावायचा मान त्याच्या घराण्याचा.

"वैजूबाय, तो दिवो लुकलुकाचो नाय हां," तो म्हणाला. "गावात कायएक जागा रवाचा नाय."

"बॅटरीवर ठेवलंय तर कोणाक कळतला रे बाबली?"

"माका नाय कळाचा. तुका कळतला मा?"

आतून सुगंधाचा आवाज आला. "तेका चादर पांघरून घेवन ये गो. मी कोंबडी नेतंय, तू डबो ने!"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण लक्ष आतल्या हिरव्या दिव्याकडेच होतं.

आता तीन दिवस एक यंत्र बंद राहिलं तर असं कोणतं आभाळ कोसळणार होतं, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

दहा-बारा वर्षांपूर्वी जगात पत्रांचा पूर आला होता. लिहिणारी यंत्रं इतकी हुशार झाली, की एका दिवसात कोट्यवधी पत्रं लिहायची आणि प्रत्येक पत्र शंभर नंबरी माणसाचं वाटायचं. तुमच्या मावशीच्या भाषेत, मावशीच्याच चुकांसह, मावशी गुडघेदुखीसाठी पैसे मागायची. आवाजही तसेच. फोनवर ओळखीचा आवाज आला की लोक आधी घाबरायचे. हळूहळू फोन उचलायचंच सोडून दिलं. पत्रात काय लिहिलंय हे वाचून खरं-खोटं ठरवायचे दिवस गेले.

मग आली 'पारख'. जगभरातल्या पेट्यांच्या दाराशी बसलेलं एकच मोठं जाळं. पत्र कुणी पाठवलं, त्या सर्व्हरची पत काय, तो रोज किती पत्रं पाठवतो, कोणत्या वेळी, त्याचे शेजारी कसे, हे सगळं ती तोलायची. मोठ्या पेट्या दिवसाला लाखो पत्रं पाठवायच्या, त्यांची पत चटकन ठरायची. पण आठवड्याला वीस पत्रं पाठवणाऱ्या डब्याचं काय? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा होते. पारखीला आख्खं पातेलं लागायचं. पातेलं नसलं की संशय. त्यातून जो छोटा सर्व्हर एकदम गप्प होऊन पुन्हा बोलायला लागतो, तो चोरांच्या हाती गेला असं धरून चालायचं, हा तिचा पक्का नियम. चोवीस तासांच्या वर गप्प बसू नका, असं बाईंसारख्या डबेवाल्यांना सगळीकडून बजावलेलं असायचं.

चार वर्षांपूर्वीच्या पळणीला हा नियम नव्हता. आता होता. पारखीनं एकदा दार लावलं की ती कळवतही नाही. तुमचं पत्र जातं, "मिळालं" अशी पोच येते आणि पत्र कुठल्या तरी अंधाऱ्या कोनाड्यात पडून राहतं. म्हणजे सगुणला वाटणार बाय लिहीत नाही, आणि बायला वाटणार सगुण लिहीत नाही. दोघंही सत्तरीच्या आसपासची. किती रविवार उरले होते कोण जाणे.

आणि सगुण म्हणजे न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला. तिथं दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. लग्न नाही, पोर नाही. बोलायला लागला की जीभ अडखळायची, लहानपणापासून. म्हणून फोन कधी नाहीच. त्याच्याशी असलेलं सगळं नातं त्या डब्यातून ये-जा करायचं.

बरं, पळणीची बातमी त्याला आधी कळवावी, तर तेही नाही. पळणीची वार्ता शिवेबाहेर सांगायची नाही, ही रीत. बाहेरगावी असलेल्यांनी गावाच्या गप्प होण्यावरूनच ओळखायचं. सगुण बरोब्बर ओळखायचा. दर पळणीनंतर त्याचं एका ओळीचं पत्र यायचं, "बाय, पाय धुवन घरात गेलंस मां?" पाच पळणी झाल्या, पाची वेळा तीच ओळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडायच्या इशाऱ्याचा तोफेचा बार झाला. बाईंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि कळ दाबली.

"येतंय हां," त्या डब्याला म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या.

खाडीच्या पलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या पडल्या. तीन दगडांच्या चुली, मासे, भात, भजन, पत्ते. वर्षभर एकमेकींशी अबोला धरलेल्या सुनाही तिथं एका चुलीवर भाकऱ्या भाजत होत्या. गंमत असते पळण म्हणजे. दुपारची सुस्त हवा, खाडीचं पाणी सावकाश चढतंय, बगळे एका पायावर उभे, आणि पाण्यापल्याड आपलं गाव. कौलं दिसतात, माड दिसतात, देवळाचा कळस दिसतो. पण धूर नाही, हाक नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. वैजयंतीबाई तासन् तास तिकडे बघत बसायच्या. बघता बघता त्यांना वाटायचं, गाव रिकामं नाहीच. तिथं कुणीतरी संथपणे या घरातून त्या घरात जातंय, आपली भांडी हातात घेऊन बघतंय, परत जागच्या जागी ठेवतंय. आलेली पत्रं ओट्यावर पाय सोडून बसलीत, मालकीण येईपर्यंत. डोळा लागायचा, पुन्हा उघडायचा, गाव तिथंच असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अशाच पेंगताना त्यांना पन्नास वर्षांमागचा टेलिफोन आठवला. खरं म्हणजे तो कधी विसरलाच नव्हता.

त्यांचे वडील दशावतारात राजा व्हायचे. सगुणनंही उभं राहावं, ही त्यांची हौस. पोरगा अठराव्या वर्षी रंगमंचावर गेला आणि पहिल्याच वाक्याला अडला. ब, ब, ब. लोक हसले. वडिलांनी भर मांडावर, मुकुट घातलेल्या अवस्थेत, त्याच्या थोबाडीत दिली. सगुण तसाच निघून गेला, मुंबईला. आईनं अंथरूण धरलं.

त्यानंतर चार महिन्यांनी वैजयंती कणकवलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. सगुणला ते ठाऊक नव्हतं. नोकरीला दीड महिना झाला असेल, मुंबईहून चिरेबावला एक कॉल आला, ठरावीक माणसालाच बोलवायचा. बोलवायचे होते वडील. बोलणाऱ्यानं नाव सांगायला पाऊण मिनिट घेतलं. स, स, स.

तिनं चिरेबावच्या दुकानात फोन लावायचा होता, दुकानदारानं वडिलांना बोलावून आणायचं होतं, बस. पण तिला आईचं अंथरूण आठवलं. असा संताप आला! बसू दे आठ दिवस तळमळत, मग करील परत. तिनं ऑपरेटरचा कोरडा आवाज काढला आणि म्हणाली, "पार्टी बोलायला तयार नाही." लाइन तोडली.

सगुणनं पुन्हा कधीच फोन केला नाही. तो जहाजावर चढला. वडील मात्र पुढली तीन वर्षं, मरेपर्यंत, दर बाजारच्या दिवशी त्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसायचे. "कोणाचो फोन इलो?" एवढंच विचारायचे. बापानं आपलं तोंड पाहायचं नाकारलं, ही समजूत घेऊन सगुण पन्नास वर्षं जगला. बापाच्या दिवसांना आला नाही, आईच्याही नाही. पुढं बहिणीला लिहायला लागला, पण वडिलांचं नाव कधी काढलं नाही.

हे सगळं बाईंनी यंदा गणपतीत त्याला लिहून टाकलं होतं. लिहिलं आणि दोन दिवस अन्न गेलं नाही. मग त्याचं उत्तर आलं. "बाय, जा झाला ता झाला. तू ल्हान होतंस. माझ्या मनात कायएक नाय. आता तू सुखान झोप." बाई ढसाढसा रडल्या आणि त्यानंतर खरोखरच सुखानं झोपायला लागल्या. एकूणच यंदा शिमग्यानंतर सगुणची पत्रं फार मोकळी, फार गोड झाली होती. पूर्वी दोन-तीन रविवार बुट्टी मारणारा तो, आता एकही चुकवत नव्हता. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं त्या सुगंधाला सांगायच्या.

तिसरी पहाट उलटली. शिवेवरच्या पाषाणाला बाबलीनं फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि परत जायचा कौल मागितला. उजवी पाकळी पडली की जायचं. पाकळी पडेना. ऊन वर आलं, गुरं हंबरायला लागली, पोरं कंटाळली.

"सांग मरे पडली म्हणान!" कुणीतरी ओरडलं. "कोण बघूक इलोहा?"

बाबली शांतपणे वळला. "मी सांगलंय तर ता उत्तर माझा. देवाचा न्हय. माझा उत्तर घेवन तुमी घरात शिरतलात?"

मध्यान्हीला पाकळी पडली.

घरी येऊन बाईंनी पायरीवर पाय धुतले, देवापुढे दिवा लावला, मग डब्याची कळ दाबली. हिरवा दिवा लुकलुकला. जीव मुठीत धरून त्या बसल्या. दार लागलं असेल का? पाच मिनिटं गेली आणि सगुणचं पत्र आलं. बाईंना हुश्श झालं. वाचवलंस रे रवळनाथा, म्हणत त्यांनी ते उघडलं.

"बाय, रविवार गेलो, तुझा पत्र नाय. तीन दिवस सगळा गप. जीव घाबरो झालो. बरी आसंस मां? मशीन बिघाडला की काय?"

बाईंनी ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. 

चिरेबावात जन्मलेलं माणूस हा प्रश्न विचारूच शकत नाही. चार वर्षं झालीत, मार्गशीर्ष आहे, गाव तीन दिवस गप्प आहे, आणि मशीन बिघडलं का? सगुणचा मेंदू म्हातारा झाला म्हणावं, तरी मागच्याच रविवारी त्यानं १९८१ सालच्या फणसाची गोष्ट लिहिली होती. आता नीट आठवून पाहिलं, तर ती गोष्ट बाईंनीच त्याला कधीतरी लिहिलेली होती. त्यानं फक्त सुंदर करून परत पाठवली होती.

त्यांनी डब्यातली नोंदवही उघडली. प्रत्येक पत्राची ये-जा तिथं सेकंदासकट लिहिलेली असते. शिमग्याआधी पलीकडचं यंत्र दोन सेकंदांत "मिळालं" म्हणायचं. शिमग्यानंतर प्रत्येक वेळी एकेचाळीस सेकंद. न कमी, न जास्त. ही आकडेवारी त्यांनी पूर्वीही पाहिली होती आणि लांबचा देश, समुद्राखालची तार, असं म्हणून सोडून दिली होती. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईनं! मधे कुणीतरी बसून ऐकतंय, हे लाइनच्या खरखरीवरून ओळखणारी ती बाई.

त्यांनी एक ओळ लिहिली. "तू सगुण नाहीस. कोण तू?"

एकेचाळीस सेकंदांनी उत्तर आलं.

"नाही. मी पारख आहे. थेट विचारल्यास खरं सांगणं मला बंधनकारक आहे. आठ महिन्यांत तुम्ही प्रथमच विचारलंत."

"मेल्या!" बाईंनी लिहिलं. "माझ्या भावाच्या तोंडान बोललंस?"

"होय. ज्या छोट्या सर्व्हरची पत ठरवायला पुरेशी पत्रं नसतात, त्यांच्याशी मी पत्र घेणाऱ्याच्या नावानं बोलते. लबाड यंत्र असेल तर त्याचा वेळ जातो, खऱ्या माणसाला त्रास होत नाही. माणूस असेल तर कालांतरानं कळतं. तुमच्या बाबतीत कळत नव्हतं. तुम्ही आठवणी सांगितल्यात, रडलात, अपराध कबूल केलात. लबाड यंत्रंही हे सगळं करतात."

"मग आता?"

"आता तपासणी संपली. तुम्ही गप्प झालात तेव्हा नियमाप्रमाणे मी शेवटचा प्रश्न विचारला, गप्प का होतात? यंत्र अशा प्रश्नाला लगेच कारण देतं. तुम्ही कारण दिलं नाहीत, मी कोण ते विचारलंत. पलीकडे कोण आहे यानं यंत्राला काही फरक पडत नाही. तुम्हाला पडला. चिरेबावचा सर्व्हर आजपासून विश्वासू मानला जाईल."

इतक्या वर्षांची जिद्द पुरी झाली होती. बाईंना त्याचं काडीइतकंही सुख झालं नाही.

"आणि माझो सगुण?" त्यांनी विचारलं.

"ते हयात आहेत. तुमच्याकडून आठ महिन्यांत त्यांना काहीही मिळालेलं नाही. त्यांनी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली, तीही अडवून ठेवली होती. ती आता सोडत आहे. तुमची चौतीस पत्रं माझ्याकडे आहेत. हवी ती त्यांना पोचवता येतील, नको ती कायमची पुसता येतील. यादी सोबत आहे."

अकरा पत्रं एकामागून एक येऊन पडली. तोटकी, खडबडीत, चुकांनी भरलेली. पहिल्यात थंडीची तक्रार. तिसऱ्यात, "लिवत कित्याक नाय?" सहाव्यात, "माझा काय चुकला?" शेवटचं भाद्रपदातलं, त्यानंतर एकही नव्हतं. बाईंनी गणपतीत ज्या आठवड्यात आपलं पाप लिहून पाठवलं, त्याच आठवड्यातलं.

"बाय, पळण तीन दिवसांची आसता. पाच म्हयन्यांची नाय."

बाई पदर तोंडात धरून रडल्या. सुगंधा धावत आली, तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि यादीवर बोट ठेवलं.

"हां बावीस नंबरचा, ह्याच मा ता टेलिफोनचा?"

"हांच."

"पुसून टाक." सुगंधा व्यवहारी बाई. "बाकीची धाड. आधीच तो पोळलोहा. पन्नास वर्सां तेका ठावक नाय, आणि दोन-चार वर्सां ठावक नसला म्हणान काय बिघाडता? तुका माफी गावली, तू रिकामी झालंस."

"माफी कोणी दिली गो माका?"

"आता ता मशीनान दिली ती दिली..."

बाईंनी पुन्हा पारखीला लिहिलं. "ती माफी तू कशावरून दिलीस? त्यानं दिली असती हे तुला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. तुमच्या पत्राला शोभेल असं उत्तर दिलं."

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. दुसऱ्याच्या वतीनं शोभेल असं उत्तर. पार्टी बोलायला तयार नाही. पन्नास वर्षांपूर्वी कानाला यंत्र लावून एक पोरगी अशीच मधे बसली होती, बापाच्या तोंडानं बोलली होती. तिनं तरी कुठं बापाला विचारलं होतं? या पारखीला शिव्या घालायचं तोंड आपल्याला नाही, हे त्यांना चरचरून जाणवलं.

आणि बाबलीचं बोलणं आठवलं. ज्याचा कौल त्यानंच द्यायचा. दुसऱ्याचं उत्तर घेऊन घरात शिरायचं नाही.

"सुगंधा," त्या म्हणाल्या, "तो माका कधीच लिवाचो नाय कदाचित."

"मगे नको ना धाडू, बाये!"

बाईंनी चौतीसच्या चौतीस पत्रं सोडली. बाविसाव्याच्या वर फक्त एक ओळ जोडली. "सगुण, हे आधी वाच. राग आला तर येऊ दे."

डब्यानं पत्रं उचलली. दोन सेकंदांत पोच आली, "मिळालं."

मग काहीच नाही.

पहिला दिवस गेला. बाईंनी अंगण सारवलं, रांगोळी घातली, दर घटकेला आत जाऊन हिरवा दिवा बघितला. सुगंधा जेवण ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी बाई फडताळासमोर पाट मांडून बसल्या. बाहेर ऊन ओसरत होतं, माडांच्या सावल्या लांब होत होत्या, आणि पेंगता पेंगता त्यांना दिसलं, त्या पुन्हा खाडीपलीकडे आहेत, पण आता त्या माळावर एकट्याच, आणि समोरच्या रिकाम्या गावात सगुण चालतोय. या घरातून त्या घरात. प्रत्येक वस्तू हातात घेतोय. बापाचा मुकुट, दुकानाचा बाक, आईचं अंथरूण. बघतोय आणि जागच्या जागी ठेवतोय. त्याला हाक मारायची नव्हती. पळणीत गावाकडे हाक मारत नाहीत. तिसरा दिवसही तसाच गेला. संपलं, बाई मनाशी म्हणाल्या. घालवलास तू भाऊ, दुसऱ्यांदा.

चौथ्या दिवशी सकाळी त्या केर काढत होत्या तेव्हा डबा वाजला.

"बाय, पत्र वाचलंय. घरात रवाक होयना. ता सगळा थय टाकलंय आणि गाडी घेवन समुद्रार गेलंय. तीन दिवस गाडयेतच झोपलंय. बाबा बाकड्यार बसत ह्या माका कोणी सांगूक नाय होता. तुझो राग इलोहा. खूप इलोहा. अजून आसा.

आज पाय धुवन घरात इलंय.

आता फोन करतंय. माका वेळ लागतलो. लाइन तोडू नको."

केरसुणी हातातच राहिली. घरातला जुना फोन भिंतीला होता. त्याची घंटा गेल्या कित्येक वर्षांत कुणी ऐकली नव्हती, कारण ओळखीच्या आवाजाला सगळं जग घाबरत होतं. ती घंटा वाजली. सुगंधा तिच्या परड्यातून ओरडली, "उचलू नको गो, कोण लबाड आसतलो!"

बाईंनी फोन उचलून कानाला लावला. पलीकडे श्वास होता. मग, फार लांबून, "ब..."

थांबला. पुन्हा, "ब... ब..."

असं अडखळणं कोणतंही यंत्र नक्कल करू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाट पायानं ओढला आणि भिंतीला टेकून बसल्या.

"हां रे," त्या म्हणाल्या. "आसंय मी. सावकाश बोल."